मशीनशी बोलणारा जवाई

"हॅलो?… हॅलो!… हो, वाशीम. मारोतरावची जिन… नागपूर? हो, द्या नं, द्या… हॅलो?… बाई! मी शालिग्राम… शा-लि-ग्राम!… अवं हळू बोल, कानाचा पडदा फाडतं का माह्या?"

फोन मारोतरावांच्या कापसाच्या जिनमधला. बाहेर सरकी वेगळी होत होती, रुई उडत होती, आणि कचेरीत टेबलापाशी शालिग्राम काळा जड रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा होता. मारोतराव त्याचे होणारे सासरे. सोमवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं, आणि त्या सोमवारपासूनच ते 'होणारे' राहतात की नाही याची पंचाईत पडली होती. पलीकडे नागपूरला होती त्याची मोठी बहीण, प्रयागबाई. शेजारच्या डॉक्टरांच्या घरी जाऊन तिनं ट्रंक कॉल लावला होता. आई गेल्यावर शालिग्रामला तिनंच वाढवला, तिनंच शिकवला आणि हे लग्नही तिनंच जुळवलं.

"हो, बरा आहो… जेवलो… जेवलो नं बाई… अवं ट्रंक कॉलवर भाजी कायले इचारतं?… हो… आलं नं तुह्या कानावर?… कोनं सांगतलं?… शेलूबाजारच्या मावशीनं? मंग तं साऱ्या जिल्ह्यात झालं… काय म्हने थे?… मशीन पाहून पळाला? अवं पळतो कायले, इथंच तं आहो!"

मारोतराव दारात पाठ करून उभे होते. गाड्यांवर लक्ष ठेवल्याचा देखावा चालला होता, पण कान सगळा आत होता. नागपूरचा फोन येतो आहे म्हटल्यावर त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं: "बहिनीले आमच्यासमोर सांगा. मले काई येत नाई, मी खोटं बोललो, असं. आमचे दोघं भाऊ बी येऊन राह्यले आयकाले. इतकं सांगतलं का लग्नाची तिथी काढू, अन् तुमाले इथंच कापसाच्या वजनकाट्यावर बसवू. नाई सांगतलं, तं साक्षगंधाचं लुगडं वापस घेऊन जा."

हे एवढं एक वाक्य सांगायला शालिग्राम फोनपाशी उभा होता, आणि ते वाक्य सोडून बाकी सगळं बोलत होता.

"हो, इथंच हायेत… दारात… नाई, आयकून नाई राह्यले… बाई, मी पह्यलापासून सांगतो, तू मधात बोलू नको… बोलून राह्यली नं!… हं. मशीन कोनती होती माईत हाये का तुले?… बेरजेची. टेबलावरची. आकड्याच्या कळा दाबाच्या अन् दांडा वढाचा. बस्स, तितकंच येते थिले… यायनं मुद्दाम मुंबईहून आनली. माह्यासाठी!… मांडवात पाट ठेवला, त्याच्यावर मशीन, मशीनले हळदकुंकू, हार, नारळ फोडला… अन् मले म्हने, बोला जवाईबापू."

"अवं बोला म्हनजे बोला! तोंडानं!… मंग काय. सारे सोयरे बसले होते. बाया, लेकरं, शिरपूरचे पाव्हणे… मी काय बोलू? मी कळा दाबल्या, दांडा वढला, घर्र वाजलं अन् बेरीज आली… एक बुढा म्हने, थिले मराठी समजत नसन, इंग्रजीत बोला… हॅलो?… बाई, तू हासून राह्यली का?"

ती हसतच होती. शालिग्रामनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हास. साऱ्यायनं हासून घेतलं, तूच कायले राहतं… नाई, राग नाई आला… आला! काहून नाई येनार? तितक्यावर सोडलं असतं तं बरं. मंग म्हने, ह्या मशीनचं काई बिघडलं असन, जिनचं इंजिन चार दिसापासून बंद हाये, त्याच्याशी बोला. मले तेलाच्या इंजिनापुढं नेऊन उभं केलं. सदरा नवा, डोक्शाले फेटा, अन् इंजिनापुढं उभा… बायायनं शिवाची मशीन आनली घरातून! दोरा तुटते म्हने सारखा, थिले जरा समजावून सांगा… आता नाई हासत? आता काहून नाई हासत?"

सोमवारची ती दुपार आठवली की शालिग्रामला अजूनही अंगभर मुंग्या यायच्या. लोकांची चूक म्हणावी तर तसं काही नव्हतं. त्यांना सांगितलं गेलं होतं तेवढंच त्यांनी धरलं होतं, आणि मनापासून धरलं होतं. नारळ काही कोणी चेष्टेनं फोडत नाही.

"सांगतलं कोनं?… नाव घेऊ का?… तू! तू सांगतलं त्यायले! आमच्या शाल्याले मशीनची भाषा येते, तो बोलला का कोनतीबी मशीन सरळ होते. हे तुह्ये शब्द हायेत, मारोतरावनं मले जसेच्या तसे आयकवले… मी? मी कवा म्हनलो?… दिवाळीत?… हो, म्हनलो असन, मशीनले समजते अशी भाषा शिकून राह्यलो म्हनून… तं मंग? म्या भाषा म्हनलो. कोनतीबी मशीन कवा म्हनलो?"

"फरक? अवं तोच तं सारा फरक हाये… नाई, तू आयक. अवं आयक नं… थे धंद्याच्या हिशेबाची भाषा हाये. नवीन. इलायतेकडची. कागदावर हुकूम लिवाचे. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर. उरलं थे ज्याचा कापूस त्याच्या नावापुढं मांड. दुसरी गाडी घे. गाड्या सरल्या का थांब… असंच. हो, असंच, इंग्रजीत… नाई, वाचाले कोनीबी वाचन. पन वाचून थे करन कोन?… त्यालेच म्हनतो मी! कागद तं कागदच राह्यते नं बाई. त्या हुकुमाचा अर्थ लावनारं, कोनता आकडा कुठी ठेवला थे ध्यानात ठेवनारं, एक झालं का पुढचं हाती घेनारं, असं सारं लागते. थे एका मोठ्या यंत्राच्या पोटात राह्यते. ह्या कचेरीएवढं यंत्र. अन् नुसतं यंत्र बी नाई, त्याच्यात आधी सारं भरून ठेवा लागते, ह्या शब्दाले हे कर, त्या शब्दाले थे कर… थे भाषेत नाई येत. भाषा एक, अन् भाषा जिथी चालते थे दुसरं… कळलं?… नाई कळलं."

शालिग्रामनं कपाळावरची रुईची धूळ पुसली. मुंबईच्या ज्या कचेरीत तो ही भाषा शिकत होता, तिथला साहेब हेच फळ्यावर चौकोन काढून समजावून द्यायचा, तेव्हा किती सोपं वाटायचं. इथं मात्र नुसत्या आवाजानं, खरखरणाऱ्या तारेतून, आठवी पास बहिणीला आणि दारातल्या पाठमोऱ्या सासऱ्याला एकाच वेळी समजवायचं होतं.

"बरं, आपला पवळ्या आठवते तुले? बाबानं तेलंगनातून आनलेला बैल?… हो, तोच, तांबडा. तू गाडीवर बसून त्याले वळ म्हनत होती, अन् थो सरळ सोनारायच्या वाड्यात घुसला… तुह्या हाका चुकल्या होत्या का?… नाई. बैल खराब होता का?… तो बी नाई. त्याच्या कानाले आपल्या मराठी हाका कवा लागल्याच नव्हत्या. मंग बाबानं त्याले हिवाळाभर आपल्या हाका शिकवल्या, तवा थो वळला… हां! आता समजलं. मले हाका येतात बाई. चांगल्या येतात. हे बेरजेची मशीन म्हनजे बैल बी नाई, थे नुसतं चाक हाये."

दारातून मारोतराव मोठ्यांदा खाकरले. चाक हा शब्द त्यांना काही आवडला नसावा. मुंबईहून गवतात गुंडाळून आलेलं ते यंत्र त्यांनी वाशीमच्या स्टेशनावर स्वतः उभं राहून उतरवून घेतलं होतं. हौसेनं केलं होतं सगळं. आणि आता बाजारात कोणी दिसला की विचारायचा, काय मारोतराव, जवाई काय म्हणतो, मशीन बोलली का? माणूस रागावला होता ते याचमुळे.

"हो… हो, सांगतो… सांगनार आहो नं… घाई नको करू… हो बाई, आमी बोलूनच राह्यलो, तोडू नका!… नाई, तुले नाई, थे एक्सचेंजवाली बोलली… हां, बोल… थे मोठी मशीन कशी दिसते?"



"…माईत नाई… अवं नाई पाह्यली म्या… कोनंच नाई पाह्यली. मुंबईत हायेच कुठी थे? जहाजानं येनार होती. आमी नुसते कागद लिवत होतो. आमचे कागद विमानानं इलायतेले जात, तिकडच्या मशीनवर चालवत, अन् मंग कवातरी उत्तर येत जाय… हो, चुकत बी जाय… एकदा माह्या कागदाचं उत्तर आलं, सारं बराबर. एक बी चूक नाई. साहेबानं पाठीवर थाप मारली… त्या दिवशी मी समुद्रावर जाऊन बसलो बाई. तुले सांगाव वाटलं, पन सांगाचं काय? कोन्या लोखंडानं माह्यं आयकलं, दूर तिकडं, म्या न पाह्यलेल्या गावात… इतकं बरं वाटलं मले, का बस्स."

बाहेर गाडीवाल्यांची कशावरून तरी बाचाबाची झाली. "अरे ओ!" करत मारोतराव अंगणात गेले. शालिग्रामनं रिसीव्हर ओठांना लावला.

"गेले… आयक. लवकर आयक. बाई, मुंबईचं काम संपलं… संपलं म्हनजे संपलं. थे मशीन येत नाई आता… नाई, दुसऱ्या कंपनीची येऊन राह्यली. म्हने थे चांगली पडते… तिले आमची भाषा समजत नाई! तेच तं!… कागद तेच, हुकूम तेच, मी तोच, अन् थ्या मशीनच्या पोटात त्याचा अर्थ लावनारं काईच नाई. अन् तिची जे भाषा हाये, त्याच्यासाठी त्यायचे मानसं वेगळे हायेत, तिकडून शिकून आलेले. आमाले म्हने घरी जा… साक्षगंधाच्या आधीच… हो, मले माईत होतं… कसं सांगू? तू फोटोवाला बी बोलावला होता!"



"बाई?… हाये का?… रडू नको नं… अवं माह्यं काई चुकलं नाई त्याच्यात. मी आळस केला असता, नापास झालो असतो, तं तू मले दोन शिव्या दिल्या असत्या, हलकं वाटलं असतं. आता कोनाले शिव्या दे तू?… भाषा तं येतेच मले. आज बी येते. झोपीत बी येते. पन हे वाशीम, हे जिन, थे मुंबई, कुठीच तिले जागा नाई. मी काय करू?"

"…तेच म्हनतं का तू बी?… मारोतराव म्हनतात थे कबूल कर?… तुले काय माईत थे काय म्हनतात?… मावशीनं थे बी सांगतलं? वा रे मावशी."

"नाई बाई. आयक. मले काट्यावर बसाची लाज नाई. कापूस मोजीन. हमाली करीन… पन खोटं बोललो असं काहून म्हनू? म्या खोटं बोललोच नाई!… काय फरक पडते म्हनजे?… हो, इथी कोनाले समजत नाई, खरं हाये. कोनाले समजत नाई म्हनून थे खोटं होते का?… तू तं मले खोटं बोलला म्हनून चुलीपाशी चटका देल्ला होता, इसरली?… हो, पोरीचं नाव खराब होईन, माईत हाये मले. मोडलेल्या साक्षगंधाची पोरगी. रोज तेच घोकून राह्यलो मी… तिले इचारू? कसं इचारू? बोलू देतात का मले तिच्याशी?"

त्याचा आवाज एकदम खाली आला.

"एकदाच बोलली थे… कौतिका. सोमवारीच. हे सारा तमाशा झाल्यावर मी मांडवामागं रांजनापाशी तोंड धुवाले गेलो, थे पानी घ्याले आली. मले वाटलं हे बी हासन. नाई हासली. मले म्हने, त्या भाषेत माह्यं नाव लिवता येते का?… म्या म्हनलं, येते. तं थे म्हने, मंग वाचन कोन?… बस्स, इतकंच. घागर भरली अन् गेली… अवं बाई, तुले समजून नाई राह्यलं! मांडवातल्या एका बी मानसाले जे सुचलं नाई, थे तिनं इचारलं. वाचन कोन! तिले समजलं. मले काय येते अन् माह्यापाशी काय नाई, हे दोन्ही येगळंयेगळं समजलं तिले."

"हो, म्हनूनच… म्हनूनच तं जीभ वळत नाई माही. मी खोटं बोललो म्हनलं, तं लगीन होते. पन मंग थे ज्याच्या घरी येईन, तो तिच्या नजरेत खोटाच नं? अन् नाई म्हनलं, तं तिचं लुगडं वापस जाते. दोन्हीकडून माहीच मान… बोल नं बाई. तू मोठी हाये. आजवर तूच सांगत आली मले, हे कर, थे कर. आता बी सांग. तू म्हनशीन तसं करतो. आईची शपथ."

कचेरीच्या मागच्या दारात, जिथून मारोतरावांच्या घरात जाता येई, पडदा जरासा हलला. शालिग्रामचं तिकडे लक्ष गेलं. पडद्याखाली हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. साक्षगंधाचंच लुगडं. किती वेळ उभी होती कोण जाणे. पुढच्या पायऱ्यांवर मात्र तेवढ्यात जोड्यांचा आवाज झाला. मारोतराव परत येत होते, मागे त्यांचे दोघं भाऊ, ठरल्याप्रमाणे.

"आले… बाई, आले थे. सांग लवकर… काय?… मोठ्यानं बोल… हो, आयकून राह्यलो… शाल्या तू काय?… तू काय, बाई?… हॅलो?… हॅलो!"

खरखर थांबली. तारेत नुसती शांतता झाली, विहिरीत वाकून ऐकावी तशी. त्यानं खालचा खटका दोनदा दाबला. एक्सचेंजवालीसुद्धा नव्हती. लाईन गेली होती. 'शाल्या, तू' एवढं म्हणून बहिणीचं वाक्य वाटेतच कुठंतरी राहिलं होतं. कारंज्याकडे, मूर्तिजापूरकडे, कुठल्या खांबापाशी ते तुटलं, देवाला ठाऊक. सांग म्हणाली असती की नको म्हणाली असती, आता कळायला मार्ग नव्हता.

तिघंही येऊन समोर उभे राहिले. मारोतरावांचा चेहरा कठोर नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. थकलेल्या बापाचा चेहरा होता. त्यांनी फोनकडे बोट दाखवलं.

"हायेत का लाईनवर प्रयागबाई?"

शालिग्रामनं मान हलवली. होकाराची.

"मंग सांगा."

त्यानं मेलेला फोन कानाला आणखी घट्ट लावला. पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं.

"हॅलो, बाई… हो, आयकू येते… हो. तुले एक सांगाचं होतं… मले… मले काई येत नाई बाई. थे भाषा-बिषा काई नाई. अशी भाषाच नसते कोनती… मुंबईत मी नुसता भटकत होतो… हो, खोटं बोललो. तुह्याशी बी, मारोतरावशी बी… नाई, मशीनचा काई दोष नाई. मशीन चांगली हाये… हो. चुकलं माह्यं… हो बाई. ठेवतो."

ठेवतो म्हणाला, पण ठेवला नाही. समोर दोघं भाऊ एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. मारोतरावांनी मोठा सुस्कारा टाकला आणि सोमवारनंतर पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं. इतकंच पाह्यजे होतं आमाले. मानसानं खरं बोलाव… काय म्हनल्या प्रयागबाई?"

"काई नाई म्हनली," शालिग्राम म्हणाला.

पडद्याखालचा हिरवा काठ मागे सरकला. आतल्या खोलीचं दार लागलं, आणि मग आतून कडी बसल्याचा आवाज आला. मारोतराव चहा आणा म्हणून तिकडे हाक मारत होते.  शालिग्रामनं फोन खाली ठेवला.